अक्षावरची लेबले आणि संपत आलेला संयम

कोडने आलेख काढायचा म्हटला की स्तंभ, रेषा आणि रंग दोन-चार ओळींत हाती येतात आणि उरलेला दिवस अक्षावरची लेबले जागेवर बसवण्यात जातो, याचा मला आता मनस्वी संताप येऊ लागला आहे. लेबले म्हणजे आलेखाची शोभा नव्हे. कोणता स्तंभ कोणाचा आहे हेच वाचता आले नाही, तर बाकीचा आलेख कितीही रेखीव असो, वाचकाच्या पदरात काहीही पडत नाही. असे असताना पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आलेखांसाठी जिच्यावाचून पान हलत नाही, ती मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) या एका बाबतीत वापरणाऱ्याला इतके का छळते, हे मला कळत नाही. जॉन हंटर यांनी 2003 मध्ये ती प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून असंख्य लोकांनी विनामोबदला खपून ती वाढवली. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आदर आहे म्हणून राग गिळून टाकावा, असे मला वाटत नाही.

एक साधे काम घ्या. 2011 च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची लोकसंख्या स्तंभालेखात दाखवायची आहे. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, म्हणजे नावे 35. आलेख काढताच ही पस्तीसही नावे एकमेकांच्या अंगावर चढतात आणि आडव्या अक्षाखाली काळा पट्टा उमटतो. नावे एकमेकांत घुसली आहेत हे लायब्ररीने स्वतः ओळखावे आणि ती आपणहून तिरपी करावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही, परंतु डिफॉल्टमध्ये तसे काहीही घडत नाही. मग आपण नावे 45 अंशांत फिरवतो. फिरवल्यावर दिसते की प्रत्येक नावाचा मध्य अक्षावरच्या त्याच्या खुणेखाली आला आहे, त्यामुळे नावाचे शेपूट एका स्तंभाखाली आणि डोके शेजारच्या स्तंभाखाली, आणि ‘बुलढाणा’ नेमका कोणत्या स्तंभाचा हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. नावाचा शेवट खुणेला टेकावा यासाठी आडवे संरेखन उजवे करावे लागते आणि फिरवण्याचा बिंदू ‘अँकर’ आहे हेही वेगळे सांगावे लागते. संताप याचा की ज्या टिक-पॅरम्स या फंक्शनला आपण कोन देतो, तेच फंक्शन संरेखन मात्र स्वीकारत नाही. त्यासाठी प्रत्येक लेबल हातात घेऊन त्याच्यावर निराळी आज्ञा चालवायची. एकाच नावाच्या एकाच तिरपेपणासाठी दोन दारे कशासाठी? त्यातही पायप्लॉट या लायब्ररीतल्या झटपट आज्ञासंचावरून काही सांगायचे की अक्षाच्या ऑब्जेक्टवरून, एकीकडे एक्सलेबल आणि दुसरीकडे सेट-एक्सलेबल, हा मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या अनुकरणातून आलेला दुहेरी कारभार आहेच. इंटरनेटवरचे एक उत्तर एका पद्धतीत असते, दुसरे दुसऱ्या पद्धतीत, आणि नवशिक्या दोन्ही एकत्र करून गोंधळात पडतो.

एवढे करून फाइल सेव्ह करावी, तर खालची नावे अर्धी कापलेली. पडद्यावर दिसणारी नावे फाइलमध्ये तुटावीत, याला काय म्हणावे? उपाय म्हणून सगळीकडे एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे सेव्ह करताना चौकट ‘टाइट’ करा. ती केली की नावे वाचतात खरी, पण चित्राचा आकारच बदलतो. अहवालाच्या स्तंभात बसावे म्हणून मी रुंदी सहा इंच ठरवलेली असते, ती आता सहा इंच राहत नाही, आणि चित्र पानात बसवताना ताणले-आवळले गेले की एकाच अहवालातील दोन आलेखांतली अक्षरे दोन वेगवेगळ्या मापांची दिसतात. योग्य उपाय आहे. ‘कॉन्स्ट्रेन्ड’ नावाची मांडणी निवडली की नावांना लागणारी जागा आधी मोजली जाते आणि चित्राचा आकारही कायम राहतो. पण मग ही मांडणी डिफॉल्ट का नसावी? चांगली सोय कोपऱ्यात ठेवायची आणि नावे कापणारी रीत दारात उभी करायची, हा हट्ट मला मान्य नाही.

उभ्या अक्षाची कथाही निराळी नाही. जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या 1,10,60,148 आहे, पुण्याची 94,29,408 आणि सिंधुदुर्गाची 8,49,651. अक्षावर काय येते? 0.2, 0.4, 0.6 असे आकडे आणि वरच्या कोपऱ्यात ‘1ई7’. कोपऱ्यातले ते बारीक चिन्ह म्हणजे प्रत्येक आकड्याला एक कोटीने गुणा, हे तालुक्याच्या पंचायत समितीत बसलेल्या वाचकाने ओळखायचे काय? ते घालवून साधे आकडे मागितले तर सात-आठ अंकांची रांग येते आणि स्वल्पविराम मागितला तर तो तीन-तीन अंकांवर पडतो. लाख आणि कोटींत मोजणाऱ्या वाचकासाठी स्वतःचे फंक्शन लिहूनच अक्षाला द्यावे लागते. मी ते लिहून ठेवले आहे आणि प्रत्येक नव्या कामात चिकटवते. कोट्यवधी माणसे ज्या रीतीने आकडे वाचतात ती रीत प्रत्येकाने घरी शिवून आणावी, हे मला अपमानास्पद वाटते.

गैरसोय एक वेळ सोसता येते, पण चुकीची माहिती सोसता येत नाही. बारा महिन्यांच्या पावसाची रेषा 0 ते 11 या स्थानांवर काढा आणि खुणांना नावे देणाऱ्या सेट-एक्सटिक-लेबल्स या आज्ञेला जानेवारी ते डिसेंबर अशी यादी द्या. लायब्ररीने स्वतः निवडलेल्या खुणा उणे 2, 0, 2, 4 अशा असतात आणि त्यांतली पहिली चित्राबाहेर असते. यादीतले पहिले नाव त्या न दिसणाऱ्या खुणेला जाते. परिणामी जानेवारीच्या आकड्याखाली ‘फेब्रुवारी’ दिसते आणि मेच्या आकड्याखाली ‘एप्रिल’. आलेख दिसायला अगदी सुबक असतो. लायब्ररी यावर एक वॉर्निंग छापते आणि चित्र काढून मोकळी होते. महिन्यांची नावे चुकीच्या जागी लावणारी आज्ञा तिथल्या तिथे थांबवली पाहिजे, नुसते कुरकुरून भागत नाही. खुणा आणि नावे एकत्र देण्याची सोय 3.5 या आवृत्तीपासून सेट-एक्सटिक्समध्ये आहे, आणि कोणी माझे ऐकणार असेल तर त्याने तीच वापरावी.

आता मराठीचे सांगते, कारण माझा खरा राग तिथे आहे. मूळच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून पहिल्यांदा नावांच्या जागी रिकामे चौकोन येतात आणि ‘म’साठी ग्लिफ (अक्षराचे चित्र) 2350 सापडले नाही अशी वॉर्निंग मिळते. सोबत देवनागरीला अंगभूत आधार नसल्याचेही सांगितले जाते. हे निदान प्रामाणिक आहे. मग आपण नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवतो, फॉन्टच्या यादीची जुनी कॅशे (साठवून ठेवलेली प्रत) शोधून पुसतो, आणि चौकोन जाऊन अक्षरे येतात. वॉर्निंग बंद होते. आणि अक्षावर ‘नाशिक’च्या जागी ‘नाशकि’ उभे असते. लायब्ररी एकामागून एक सुटे अक्षरचिन्ह ठेवत जाते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते हे तिला ठाऊक नसते, म्हणून ‘श’ची वेलांटी ‘क’च्या गळ्यात पडते. ‘वर्धा’चा रफार धा-वर चढत नाही, र पाय मोडून शेजारी उभा राहतो. ‘रत्नागिरी’त त्न जुळत नाही आणि गि-ची वेलांटी री-ला चिकटते. मी वापरते त्या 3.10 या आवृत्तीतही हेच आहे. ब्राउझर, मोबाइल, साधा वर्ड प्रोसेसर हे सगळे हार्फबझसारख्या इंजिनांच्या मदतीने मराठी अक्षरे वर्षानुवर्षे नीट जुळवत आहेत, म्हणजे हे काम अशक्य नाही.

उपाय विचारला की एकच वाक्य ऐकू येते, ‘लेबले इंग्रजीत टाका ना.’ का टाकावीत? अहवाल मराठी, वाचक मराठी, गावांची नावे मराठी, आणि अक्ष तेवढा परक्या लिपीत, हे मी का चालवून घ्यावे? त्यापेक्षा मी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एसव्हीजी या प्रकारच्या चित्रफाइलमध्ये अक्षरे चित्ररूप न करता मजकूर म्हणूनच ठेवते, म्हणजे ब्राउझर ती नीट जुळवतो. पण नावांसाठी सोडलेल्या जागेचा हिशोब तुटक्या अक्षरांवरूनच झालेला असतो, त्यामुळे लांब नावांपाशी तो बिघडतो. छपाईवाल्याला पीएनजी ही साधी चित्रफाइल हवी असते, म्हणून ती फाइल पुन्हा ब्राउझरमधून चित्रात बदलून घ्यावी लागते. कोणी एका तालुक्याचा आकडा दुरुस्त करून पाठवला की हे सारे पहिल्यापासून सुरू होते, आणि ज्या कामासाठी कोड लिहायला घेतला होता, म्हणजे आकडा बदलताच आलेख आपोआप बदलावा, ते कामच नेमके होत नाही.