नाव बदललं, फाइल तीच राहिली

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं बदला, फॉरमॅट बदलतो, कन्व्हर्टर लागतच नाही. .जेपीजीचं .पीएनजी केलं की फोटो स्पष्ट होतो. व्हायरस फक्त .ईएक्सईमध्ये असतो, बाकी फाइली बिनधास्त उघडा.’

पहिला दावा लोकांना पटतो, कारण करून पाहिलं तर फोटो खरंच उघडतो. पण का उघडतो? बरेच फोटो व्ह्यूअर नावाकडे बघतच नाहीत, ते फाइलचे सुरुवातीचे काही बाइट वाचतात. पीएनजीची सुरुवात ठरलेल्या आठ बाइटांनी होते. झिपची सहसा ‘पीके’ या अक्षरांनी होते, ती फिल कॅट्झ या तिच्या कर्त्याची आद्याक्षरं. नाव बदलून यातलं काहीच हलत नाही. नाव बदलण्याआधी आणि नंतर प्रॉपर्टीजमध्ये साइझ बघा, एका बाइटचाही फरक नसेल.

आणखी एक गंमत करून बघा. एखाद्या .डॉकएक्स फाइलची प्रत काढा आणि तिचं नाव .झिप करा. आत फोल्डर दिसतील, त्यातल्याच एका एक्सएमएल फाइलमध्ये तुमचा मजकूर सापडेल. नाव बदलल्याने ती झिप झाली असं वाटेल, पण ती आधीपासून झिपच होती. ऑफिस २००७ पासून वर्डच्या फाइली अशाच बांधलेल्या असतात. .जेपीजी आणि .जेपीईजी हेही एकच; डॉस या विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीत टिंबानंतर तीनच अक्षरं बसायची, म्हणून एक अक्षर गळलं. तेवढं नाव खुशाल बदला.

फोटो स्पष्ट होण्याचं म्हणाल, तर नुसत्या नावाने काही होत नाहीच. रीतसर पीएनजी केला तरी जेपीजीने सेव्ह करताना टाकून दिलेला तपशील परत येत नाही. फाइल मात्र बहुतेक वेळा फुगते.

तिसरा दावा सरळ घातक आहे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ होतं. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शनं, म्हणजे नावातली शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, आपणहून लपवतं, त्यामुळे अनेकांना दिसलं फक्त ‘.टीएक्सटी’. साधी टेक्स्ट फाइल समजून लोकांनी क्लिक केलं आणि आतली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी, चालली. .ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रॅम फाइल, तिथे नव्हतीच. वर्ड-एक्सेलच्या फाइलीत दडलेले छोटे प्रोग्रॅम, म्हणजे मॅक्रो, तर त्याच्याही आधीपासून हा उद्योग करत आलेत.

फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय आहे. तो आजच चालू करून ठेवा.