मधल्या कुटुंबाची मिळकत आणि महागाईचा हिशेब

दरडोई उत्पन्न वाढल्याची बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट तो आकडा प्रगतीचा पुरावा म्हणून पुढे करतो, तर दुसरा स्वतःच्या घरखर्चाचा दाखला देऊन तो नाकारतो. माझ्या मते हा वाद ज्या आकड्यावर व्हायला हवा, तो आपल्या हाती नाही. देशातील सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने मांडली, तर बरोबर मध्यावर येणाऱ्या कुटुंबाची मिळकत, म्हणजेच कौटुंबिक उत्पन्नाचा मध्यक, महागाई वजा करून वर्षानुवर्षे किती बदलला हे सांगणारी अधिकृत मालिका भारतात नाही. दरडोई उत्पन्न ही सरासरी आहे. वरच्या एक टक्का लोकांची मिळकत दुप्पट झाली तरी ती वाढते, मध्यक मात्र जागचा हलत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रायोगिक स्वरूपात लोकांना उत्पन्न विचारून पाहिले, परंतु सांगितलेले उत्पन्न खर्च आणि बचत यांच्या बेरजेहून कमी भरत असल्याने पुढे मुख्य भिस्त खर्चाच्या सर्वेक्षणावरच राहिली. २०२५ मध्ये केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने राष्ट्रीय कौटुंबिक उत्पन्न सर्वेक्षण जाहीर केले आणि अर्थतज्ज्ञ सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. याचे मी मनापासून स्वागत करतो, आणि म्हणूनच मोजणीचे प्रश्न आताच विचारले पाहिजेत असे मला वाटते.

अमेरिकेत ही मालिका अनेक दशकांपासून आहे. तेथील जनगणना विभागाने २०१९ सालचा मध्यक ६८,७०३ डॉलर असा प्रसिद्ध केला होता आणि २०२३ चा ८०,६१० डॉलर. वरवर पाहता ही सतरा टक्क्यांची वाढ आहे. पण २०१९ ची मिळकत २०२३ च्या किमतींत मांडली की ती ८१,२१० डॉलर होते, म्हणजे मधले कुटुंब चार वर्षांनंतरही पूर्वीच्या जागी पुरते पोचलेले नव्हते. हा निष्कर्ष महागाईचा कोणता निर्देशांक वापरला यावर अवलंबून असतो, हे त्याहून महत्त्वाचे. एखादी वस्तू महागली की लोक दुसऱ्या स्वस्त वस्तूकडे वळतात, हे लक्षात घेणारा निर्देशांक तेथे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालापासून २००० नंतरच्या वर्षांसाठी लागू झाला. तो सहसा जुन्यापेक्षा हळू चढत असल्यामुळे त्याच कुटुंबांची त्याच काळातील प्रगती किंचित अधिक दिसू लागली. मला यात लबाडी दिसत नाही, कारण बदल जाहीरपणे केला गेला आणि मागचे आकडेही नव्याने मांडले गेले. शिवाय कुटुंबाचा सरासरी आकार तेथे १९६० च्या दशकात तीनहून अधिक माणसांचा होता, तो आता अडीचच्या आसपास आहे. तेवढीच मिळकत कमी माणसांत वाटली जात असेल, तर मध्यक स्थिर राहूनही माणूस सुधारलेला असू शकतो.

आपल्याकडे हा पेच अधिक खोल आहे, कारण आपल्या ग्रामीण भागातील निम्म्याहून अधिक कुटुंबे शेती करणारी आहेत आणि शेतकऱ्याच्या घरी महागाई दोन्ही बाजूंनी येते, माल विकतानाही आणि वस्तू विकत घेतानाही. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ मध्ये ६,४२६ रुपये होते आणि २०१८-१९ मध्ये १०,२१८ रुपये. महाराष्ट्रात त्या वर्षी ते ११,४९२ रुपये होते. देशपातळीवरची वाढ चालू किमतींत ५९ टक्के. ग्रामीण भागातील महागाई वजा केली तर सहा वर्षांत साधारण १५ ते २० टक्केच उरते. घरच्यांची मेहनत, घरचे बियाणे अशा न मोजलेल्या खर्चाचीही किंमत धरली, तर १०,२१८ चे ८,३३७ होतात. आणि ही सगळी सरासरी आहे, मध्यक नव्हे.

आता २०१८ च्या अखेरीचा काळ आठवावा. देशात खाद्यपदार्थांच्या महागाईचा दर शून्याच्या खाली गेला होता, आणि त्याच डिसेंबरात नाशिक जिल्ह्यात कांदा किलोला रुपया-दीड रुपयाने विकला जात होता. पुण्याच्या नोकरदार कुटुंबाचे वास्तव उत्पन्न ज्या कारणाने वाढले, नेमक्या त्याच कारणाने नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या कांदा पिकवणाऱ्या कुटुंबाची मिळकत घटली. अशा दोन घरांना एकाच निर्देशांकाने भागून एक मध्यक काढला, तर तो गणिताने बरोबर असूनही दोघांपैकी कोणाचीच अवस्था सांगणार नाही. दोघांचा खर्चही सारखा नसतो: ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत अन्न व पेयांचा भार, म्हणजे निर्देशांकातील वाटा, ग्रामीण भागासाठी सुमारे ५४ टक्के आणि शहरी भागासाठी ३६ टक्के होता, तर ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याचा समावेशच नव्हता.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. मध्यक ग्रामीण आणि शहरी असा स्वतंत्र, राज्यनिहाय आणि प्रत्येकी आपापल्या निर्देशांकाने समायोजित करून द्यावा. घरच्या धान्याची किंमत कोणत्या दराने धरली आणि कुटुंबाचा आकार कसा हिशेबात घेतला, हे सोबत छापावे. आणि आकडे गैरसोयीचे निघाले तरी कुटुंबांची नावे वगळून मूळ माहिती संशोधकांसाठी खुली करावी. २०१७-१८ च्या खर्च सर्वेक्षणाचे निष्कर्ष गुणवत्तेचे कारण देऊन रोखले गेले आणि त्यामुळे २०११-१२ ते २०२२-२३ या अकरा वर्षांच्या मालिकेत मोठी पोकळी राहिली. उत्पन्नाची मालिका सुरू होतानाच, निकाल काहीही असला तरी तो कोणत्या तारखेला प्रसिद्ध होणार हे सरकारने आधी जाहीर करावे.