रॉड झिजला, हे बरंच झालं

नमस्कार,
इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं: गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड दोन वर्षांत तारेएवढा उरला, म्हणजे माल हलका, त्यापेक्षा त्याला ऑइलपेंट मारला असता तर टिकला असता. वर, एक धातू वाचवायला दुसरा झिजू द्यायची ही युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची, आणि ती ब्रिटिश नौदलानेच टाकून दिली, म्हणजे ती मुळात फोल.

पेंट कृपा करून मारू नका. रॉड झिजण्यासाठीच बसवलेला असतो. टाकीच्या आतल्या काचेच्या लेपाला कुठे ना कुठे बारीक भेग असतेच. तिथलं उघडं पोलाद गंजण्याऐवजी मॅग्नेशियम विरघळत राहतं. पेंट मारलात की रॉड शाबूत आणि टाकीला भोक. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातून रॉड आणि टाकी यांच्यातली सूक्ष्म वीज सहज वाहते, त्यामुळे रॉड भराभर संपतो. तुमच्या हातात उरलेली तार मॅग्नेशियमची नव्हेच, आतली पोलादी सळई आहे. ती उघडी पडली की रॉड बदलायचा. दोन वर्षांनी जसाच्या तसा निघाला असता तर मी म्हटलं असतं, त्याचा टाकीशी संपर्क नीट आहे का ते आधी बघा.

आता डेव्ही. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून तेव्हा जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत, आणि खारं पाणी ते पत्रे खाई. डेव्हीने १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे उपाय मांडला: तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा. ‘समरांग’ या जहाजाला (हे बांधलं होतं आपल्या कोचीत!) बिडाचे ठोकळे लावले. तांबं वाचलं. पंचाईत अशी, की थोडं थोडं विरघळणारं तांबंच विषासारखं काम करून समुद्री जीवांना दूर ठेवत होतं. ते विरघळायचं थांबलं, तसे बुडाला बार्नेकल (चिकटून राहणारे कवचधारी समुद्री जीव) आणि शेवाळ चिकटू लागले. अशा बुडाचं जहाज मंदावतं. नौदलाने ठोकळे काढले ते यासाठी. युक्ती फसली म्हणून नव्हे, तर नको तितकी साधली म्हणून.

पोलादी जहाजाला ही अडचण नाही, कारण पोलाद मुळात कुणाला विषारी नाही. म्हणून आजही पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) आणि सुकाणूवर जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे असतात. समुद्री जीवांना दूर ठेवायला वेगळा रंग.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे. रॉड तपासायचा असतो हे विकताना कुणी सांगत नाही.

आणि गीझरच्या बाहेरच्या पत्र्याला तळाशी आलेला जो गंज तुम्ही म्हणता, त्याला हा रॉड काहीच करू शकत नाही. त्याची सत्ता टाकीच्या आतल्या पाण्यापुरती. तिथे इनलेटचा जोड पाझरत असेल. प्लंबरला आधी तोच बघायला सांगा.