माझ्या नावावर चाललेली पावले

अति चालल्याबद्दल माझ्या फिजिओथेरपिस्टने आज सकाळी मला जे काही सुनावले, ते मी निमूटपणे ऐकून घेतले खरे, पण ते अजून पचलेले नाही. कारण ते चालणे मी चाललोच नव्हतो. एका अनोळखी गृहस्थांनी ते माझ्या वतीने, माझ्या डोळ्यांदेखत आणि माझा विरोध धुडकावून लावून उरकले होते.

घोटा कसा मुरगळला, हे सांगण्यात काही राम नाही. बाहेरच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधून ठेवणारा पट्टा, अर्धवट फाटला, पाय सुजून काळानिळा झाला, आणि लिगामेंटला रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असल्याने तो सावकाशच भरून येतो, हे ज्ञान मला प्राप्त झाले. हे सारे नेमके वर्षाच्या तोंडावर घडले. आमच्या कार्यालयात या दिवसांत प्रत्येकाला ‘वार्षिक तंदुरुस्ती उद्दिष्टे’ असा एक अर्ज संगणकावर भरावा लागतो. तो ऐच्छिक आहे असे त्यावरच लिहिलेले असते, आणि तो न भरणाऱ्याला दर सोमवारी स्मरणपत्र येते.

रोजच्या पावलांच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे माझ्या सध्याच्या कुवतीचा आकडा टाकला. त्यावर लाल अक्षरे उमटली: ‘हे उद्दिष्ट मागील वर्षाच्या उद्दिष्टापेक्षा कमी असू शकत नाही.’ मग मी ‘इतर’ या पर्यायाकडे वळलो आणि तिथे ‘दुखऱ्या पायावर तीस सेकंद, डोळे मिटून, आधाराशिवाय उभे राहणे’ असे लिहिले. लिगामेंट फाटला की सांधा कुठल्या स्थितीत आहे याची मेंदूला पोहोचणारी खबरही बिघडते, त्यामुळे डोळे मिटताच माणूस डोलू लागतो. म्हणून हे उभे राहणे शिकणे हा घोटा बरा होण्यातला एक मोठा टप्पा असतो. कार्यालयाचे उत्तर आले: ‘कृपया अर्ज गांभीर्याने भरावा.’ इतक्या गांभीर्याने मी आयुष्यात दुसरा कुठलाही अर्ज भरलेला नाही.

हा अर्ज डोक्यात घोळत असतानाच मी आज फिजिओथेरपिस्टच्या दाराबाहेर बसलो होतो. आत बोलावण्यापूर्वी घोटा सैल व्हावा म्हणून पाय उचलून धरायचा आणि अंगठ्याने हवेत मुळाक्षरे गिरवायची, असा मला आदेश आहे. ‘अ’ बऱ्यापैकी जमतो. ‘ळ’ काढताना डोळ्यांत पाणी येते. मी ‘झ’पर्यंत आलो असेन, तोच शेजारून आवाज आला, “झ असा नाही काढत.”

मी वळून पाहिले. उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टा बांधलेले, पांढरेशुभ्र बूट घातलेले एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या पायाकडे टक लावून बघत होते.

“वरची गाठ राहिली तुमची,” ते म्हणाले. “पुन्हा काढा.”

मी पुन्हा काढला. का काढला, हे मला अद्याप कळलेले नाही.

“आता ठीक आहे. या वर्षाचं ध्येय काय तुमचं?”

“जिना उतरताना एका पायरीवर एकच पाय ठेवता यावा.”

“ते झालं. ध्येय काय?”

“हेच.”

त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, की क्षणभर मलाच माझी दया आली. मग त्यांनी खिशातून एक छोटी वही काढून स्वतःची उद्दिष्टे मला वाचून दाखवली. त्यांत अर्धमॅरेथॉन होती, सूर्यनमस्कार होते, आणि पहाटे उठण्याच्या वेळा महिन्यागणिक मागे सरकत गेलेल्या होत्या. अंगठ्याला काय झाले असे मी विचारले, तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, “नोंदी. रोजचा सगळा व्यायाम मोबाईलवर टिपतो ना मी. टिपून टिपून अंगठ्याच्या शिरा धरल्या. डॉक्टर म्हणाले मोबाईल बंद करा, म्हणून आता वही. डाव्या हाताने.”

व्यायामाने नव्हे, तर व्यायामाच्या नोंदीने जायबंदी झालेला माणूस मी प्रथमच पाहत होतो. पण हे गृहस्थ केवळ सल्ल्यावर थांबणारे नव्हते. त्यांची नजर माझ्या मनगटावरच्या, पावले मोजणाऱ्या घड्याळावर गेली.

“किती झाली आज?”

“पावलं? मोजण्यासारखी नाहीत.”

“आणि ती कार्यालयात दिसतात?”

“दिसतात,” मी म्हणालो, आणि त्या एका शब्दाने माझा घात केला.

“द्या इकडे. माझा नंबर यायला वेळ आहे. माझे पाय ठणठणीत आहेत आणि तुमचे रिकामे आहेत.”

‘तुमचे रिकामे आहेत’ या विधानाचा अर्थ लावण्यात मी गुंतलो होतो, माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि पाय हवेत होता. तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने, सरावाच्या सफाईने, माझे घड्याळ सोडवून स्वतःच्या मनगटावर चढवले. मी “अहो, अहो” म्हणालो. ते “बसा, बसा” म्हणाले, आणि हात जोरजोरात हलवत त्या लांबलचक मार्गिकेतून निघून गेले. दर फेरीला ते माझ्यासमोरून जात आणि न थांबता आकडा सांगत. गुडघ्याला बर्फ लावून बसलेल्या एका बाईंनी माझ्याकडे पाहून कौतुकाने मान हलवली. “आजकाल एवढं कोण करतं हो दुसऱ्यासाठी!”

रोज दहा हजार पावले चालायची हा आकडा, ज्याच्यापायी हे सगळे चालले होते, तो काही शरीरशास्त्राने शोधून काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले आणि दहा हजार पावले त्याच्या नावातच घातलेली होती. म्हणजे जाहिरात आधी आली आणि संशोधन मागाहून धापा टाकत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींत पावलांचा आकडा नाही. तिथे प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि अजिबात न करण्यापेक्षा थोडासा केलेलाही बरा, हेही सांगितले आहे. हे वाक्य आमच्या अर्जाच्या माथ्यावर छापावे अशी माझी मागणी आहे. उद्दिष्टे मोजता येण्याजोगी हवीत वगैरे जे आपल्याला ऐकवले जाते, तेही १९८१ साली जॉर्ज डोरन या व्यवस्थापन सल्लागारांनी व्यवस्थापकांसाठी लिहिले होते, घोट्यांसाठी नव्हे. मात्र त्यांच्या मूळ निकषांत ‘हे काम कोणी करायचे ते नेमून देता यावे’ असाही एक निकष होता, आणि मार्गिकेत माझे काम स्वतःकडे नेमून घेऊन घामाघूम झालेल्या त्या गृहस्थांकडे पाहताना डोरन यांची मला भीती वाटू लागली.

माझे नाव पुकारले गेले तेव्हा घड्याळ मनगटावर परत आले होते. ते ओलसर होते. आत गेल्यावर फिजिओथेरपिस्टने नेहमीप्रमाणे पावलांचा आलेख पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

“सूज असताना एवढं चाललात?”

“मी नाही चाललो. बाहेर एक गृहस्थ आहेत, ते चालले.”

“आणि हे १४० ठोके?”

“तेही त्यांचेच.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग अतिशय समजूतदार आवाजात म्हणाली, “बरं व्हायची घाई सगळ्यांनाच असते. पण खोटं बोललात तर उपचार कसे करणार मी?” माझ्याहून कितीतरी लहान असलेल्या त्या मुलीने मग मला लिगामेंटची चित्रे दाखवली, आणि एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम पुढच्या भेटीपर्यंत बंद केला. म्हणजे वर्षाचे माझे एकमेव खरे उद्दिष्ट दुसऱ्याच्या पायांनी तुडवले गेले. याचा राग मला अजून आहे, आणि तो विनोदात विरघळत नाही. हातपाय धड असलेल्यांनी ठरवलेल्या या मोजपट्ट्यांवर फक्त चढत जाणारी रेघ दिसते. जो माणूस वर्षभर धडपडून पूर्वी होता तिथवरच परत येणार आहे, त्याचे सारे कष्ट त्यांवर शून्य भरतात.

बाहेर येतो तो मोबाईलवर कार्यालयाचा संदेश होता. आजच्या यादीत मी पहिला आलो होतो, आणि या ‘प्रेरणादायी पुनरागमना’बद्दल मी सहकाऱ्यांसाठी चार ओळी लिहाव्यात अशी विनंती होती. त्याखाली बारीक अक्षरांत, माझ्या ताज्या कामगिरीनुसार माझ्या उद्दिष्टाची किमान मर्यादा वाढवण्यात आली असल्याचेही कळवले होते.

ते गृहस्थ आत जायला उठतच होते. मी त्यांना काहीतरी बोलणार, तोच त्यांनी ती वही माझ्यापुढे धरली. माझ्या घड्याळावर चाललेली पावले त्यांच्या हिशेबात धरता यावीत म्हणून त्यांना माझी सही हवी होती. मी सही केली. वही खिशात घालून ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “पुढच्या वेळी चार्ज करून आणा हं ते. शेवटच्या दोन फेऱ्या त्याने मोजल्याच नाहीत.”