पट्ट्या सुबक, माणसं गावी

एका लेखात म्हटलंय, जिरामध्ये (टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) टाइमलाइन नीट आखली की रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, वेळेवर जातं. अहो, आखणारा एक आणि राबणारे दुसरे असतील तर कसं जाईल? आमच्याकडे तारीख पडली ती गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी! बोर्डावर कामांच्या पट्ट्या अगदी सुबक, एकाखाली एक. पण सातपैकी चार जण गावी, हे त्यात कुठेच नव्हतं. रजा एचआरच्या पोर्टलवर, काम जिरामध्ये, दोघांची गाठभेट नाही. शेवटी 'रिलीज' दाबलं तेव्हा जिराने विचारलं, उरलेले इश्यू (म्हणजे कामं) पुढच्या व्हर्जनमध्ये हलवायचे का? हलवले. चौदा होते. रिपोर्ट मात्र हिरवागार.

आता फिक्स व्हर्जन, म्हणजे काम कोणत्या रिलीजमध्ये जाणार ते, भरण्याआधी मी रजांचा तक्ता उघडते.

काम पुढे ढकलणं चूक नाही. उबुंटू या संगणक प्रणालीची आवृत्ती दर एप्रिल-ऑक्टोबरला येते, न झालेलं काम पुढच्या खेपेला. तरी २००६ साली त्यांनीही एक आवृत्ती सहा आठवडे लांबवली, म्हणून ती ६.०४ ऐवजी ६.०६ झाली (आकड्यात वर्ष आणि महिना). पण मार्चमध्येच जाहीर सांगून. आमच्या क्लायंटला कळलं आदल्या रात्री साडेअकराला, तेही त्याने स्वतः फोन केला म्हणून.