यंदा काय म्हणतात मरिनर्स?

एप्रिल महिन्यात सिएटलमध्ये बेसबॉलची टोपी घालून लिफ्टमध्ये शिरू नये. हवामानावरचं बोलणं पहिल्याच मजल्यावर संपतं, कारण पाऊस पडतोय हे दोघांनाही दिसत असतं. मग समोरच्याची नजर टोपीवर जाते आणि प्रश्न येतो, "काय, यंदा कसं वाटतंय?"

टोपी सिएटल मरिनर्सची. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये 30 टीम आहेत. त्यातल्या 29 कधी ना कधी, एकदा तरी वर्ल्ड सिरीज खेळल्या, म्हणजे फायनलला पोचल्या. उरलेली एक आमची. 1977 साली सुरू झाली, पहिल्या सीझनमध्ये 98 सामने हरली आणि जिंकले त्याहून हरले कमी असा सीझन दिसायला 1991 उजाडलं. मी सांगलीत क्रिकेटवर वाढलेला माणूस. इथे नोकरीला आलो, टीम जवळ राहत होती, झालो फॅन. याहून जास्त विचार केला असता तर मी न्यूयॉर्कला नोकरी शोधली असती.

तर, यंदा कसं वाटतंय? सीझन सुरू होऊन दोन आठवडे झालेत. एकूण सामने 162, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज एक. एवढ्यात मत देणं म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधणं. पण मत दिल्यावाचून लिफ्टचं दार उघडत नाही. "यंदा फायनल नक्की" म्हणावं तर दृष्ट लागायची. "काही खरं नाही" म्हणावं तर समोरचा फितुराकडे बघावं तसा बघतो. म्हणून मी एक उत्तर तयार ठेवलंय: "पिचिंग चांगलंय." आमचं पिचिंग, म्हणजे बोलिंग, बरीच वर्षं चांगलंच असतं. जिंकताना चांगलं असतं, हरताना तर जास्तच चांगलं असतं. 2022 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, ह्यूस्टनविरुद्ध आमच्या पिचरांनी सतरा इनिंग एकही रन दिली नाही. नेहमीचा सामना नऊ इनिंगचा असतो, म्हणजे जवळजवळ दोन सामने. अडचण एवढीच, की तेवढ्या वेळात आमच्या बॅटिंगनेही एकही रन काढली नाही. अठराव्या इनिंगला त्यांच्या एकाने होम रन, म्हणजे इथला सिक्सर, मारला, 1-0, आणि आमचा सीझन खलास. पिचिंग मात्र चांगलं होतं.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला मतं नाहीत, टक्केवारी आहे. रोज सकाळी सीरियल खाताना तो फोनवर आमचे प्लेऑफचे चान्सेस बघतो आणि काल रात्रीच्या सामन्याने ते किती हलले ते जाहीर करतो. एखादा बॅटर दोन आठवडे चाचपडतोय म्हणून मी हळहळलो, की न बघता म्हणतो, "बाबा, स्मॉल सॅम्पल." तोच बॅटर दोन दिवसांत तीन होम रन मारतो आणि मी उठून नाचतो. तेव्हाही "स्मॉल सॅम्पल". चौदाव्या वर्षी इतकं विरक्त असू नये. आमच्या वेळी सचिन आउट झाला की घरात कोणी जेवत नसे.

त्याचं म्हणणं खोटं नाही, हाच त्रास आहे. 2019 साली मरिनर्सनी पहिल्या 15 पैकी 13 सामने जिंकले. पहिले दोन तर टोकियोत, आमच्या जपानी बॅटर इचिरोच्या निरोपाच्या सामन्यांत. सीझनच्या पहिल्या वीसही सामन्यांत होम रन मारले, तो लीगचा विक्रम झाला. त्या एप्रिलमध्ये मी लिफ्टमध्ये मुद्दाम शिरत असे. सप्टेंबरअखेर टीमचा हिशेब होता: जिंकले 68, हरले 94.

मग एप्रिल खोटा धरावा, तर 2001 चं काय? त्या एप्रिलमध्ये 20 जिंकले आणि 5 हरले. तो एप्रिल खरा निघाला. मे खरा, जून खरा, वर्षभरात 116 विजय. 1906 सालच्या शिकागो कब्जशी बरोबरी. आणि एवढं करून वर्ल्ड सिरीजच्या आधीच न्यूयॉर्क यांकीजनी पाच सामन्यांत घरी पाठवलं. त्यानंतर पुन्हा प्लेऑफचं तोंड दिसायला 2022 यावं लागलं. मधली वीस वर्षं येरे माझ्या मागल्या.

2024 ची तऱ्हा आणखी निराळी. 18 जूनला आम्ही आपल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटात, दहा सामन्यांनी पुढे होतो. महिनाभरात सगळी आघाडी गेली आणि शेवटी एका सामन्याने प्लेऑफ हुकलं. एका सामन्याने! 162 मधले कुठले तरी दहा सामने असे आठवतात, जे सहज जिंकता आले असते, आणि त्यातले निदान चार एप्रिलमधले. म्हणून एप्रिल क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही, आणि गंभीरपणे घेतला तर 2019 आठवतं.

शेजारचे एक आजोबा पूर्वीच्या किंगडोम स्टेडियमच्या काळापासूनचे फॅन आहेत. कुंपणापलीकडून ते 1995 सांगतात. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला टीम 13 सामन्यांनी मागे होती आणि तरी डिव्हिजन जिंकली. प्लेऑफमध्ये आमच्या एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर आमचाच केन ग्रिफी ज्युनियर पहिल्या बेसवरून धावत सुटला तो थेट घरी, म्हणजे होम बेसवर, पोचला आणि यांकीज बाहेर. आजोबा हे सांगताना हातातली गवत कापायची कात्री घेऊन तीन पावलं धावतात. त्यांच्या मते ऑगस्टपर्यंत टीमकडे बघूच नये. स्वतः रोज बघतात.

आणि गेलं वर्ष. गेल्या वर्षाबद्दल लिहिताना अजून हात जड होतो. सप्टेंबरमध्ये टीम गटांगळ्या खात असताना एका फॅनने एट्सी या ऑनलाइन बाजारातल्या चेटकिणीला पैसे देऊन मंत्र म्हणवून घेतला. मरिनर्स सलग 10 सामने जिंकले. अख्खं शहर, ज्यात निम्मी माणसं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतात, त्या चेटकिणीच्या नावाने टी-शर्ट घालून फिरू लागलं. आमच्या घरात मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या तर स्मोक अलार्म वाजेल म्हणून मी गप्प होतो, पण मनातून बरं वाटलं, की दृष्ट काढणं इथल्याही लोकांना पटतं, फक्त ऑनलाइन असावं लागतं. 2001 नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकली. डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना पंधराव्या इनिंगपर्यंत गेला आणि जिंकला. त्याच रात्री हंपीही जिंकला. स्टेडियममध्ये चार माणसं सामन माशांचे पोशाख चढवून मैदानाच्या कडेने शर्यत धावतात, त्यातला हंपी त्या रात्रीपर्यंत एकदाही पहिला आला नव्हता. हंपी जिंकतो म्हणजे काहीही होऊ शकतं, असं मला वाटलं. झालंही काहीही. पुढच्या फेरीत टोरोंटोविरुद्ध सातव्या सामन्यात, सातव्या इनिंगमध्ये, 3-1 अशी आघाडी, वर्ल्ड सिरीज फक्त आठ आउटवर, आणि जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनांचा होम रन मारला. 4-3. बायकोने टीव्ही बंद केला आणि रिमोट फ्रीजच्या वर ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

म्हणून यंदाचा प्रश्न नेहमीपेक्षा जास्त बोचतो. पूर्वी टीम वाईटच होती, मत द्यायला काय लागत होतं? आता चांगली आहे, म्हणजे पंचाईत. कॅल रॅलीने गेल्या वर्षी 60 होम रन मारले, एखाद्या कॅचरने, म्हणजे बेसबॉलच्या विकेटकीपरने, सीझनमध्ये मारलेले सर्वात जास्त. यंदा साठ मारले नाहीत तर लोक म्हणणार उतरला, जणू साठ म्हणजे मिनिमम बॅलन्स. आमचा बॅटर हुलिओ रॉड्रिगेझ दर वर्षी पहिले दोन-तीन महिने चाचपडतो आणि उन्हाळा चढला की सुटतो, हे शहरातल्या कुत्र्यामांजरांना माहीत आहे, तरी दर एप्रिलमध्ये "हुलिओला काय झालंय?" यावर ऑफिसात एक मीटिंगभर चर्चा होते. जॉश नेलर आमच्याच टीममध्ये टिकला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. गडी आडवा आहे, पळण्यात लीगमधल्या संथांपैकी एक, आणि गेल्या वर्षी 30 बेस चोरले. पिचर बघतच नाही त्याच्याकडे. हा कुठे पळणार, असं वाटत असतं, तोवर हा पुढच्या बेसवर धूळ झटकत उभा. ऑफिसात मीही हे तंत्र वापरून बघावं म्हणतो.

आमचं स्टेडियमच एप्रिलमध्ये बॅटिंगच्या मुळावर उठलेलं असतं, हेही आहे. समुद्राकाठची थंड, जड हवा, त्यात उंच उडालेला बॉल जाता जाता विचार बदलतो आणि फील्डरच्या हातात येऊन बसतो. स्टेडियमला सरकतं छप्पर आहे, पण ते डोक्यावर धरलेल्या छत्रीसारखं, बाजू उघड्या. पाऊस अडतो, वारा आत येतो. सीझनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आईला घेऊन गेलो.

आई नुकतीच सांगलीहून आली आहे, सहा महिन्यांसाठी. स्वेटर, त्यावर माझं जॅकेट, त्यावर शाल, कानटोपी, आणि कानटोपीवर नातवाने घातलेली मरिनर्सची टोपी. बाहेरचं खाणं आत नेता येतं, म्हणून फॉइलमध्ये मेथीचे पराठे. स्टेडियममध्ये भाजलेले नाकतोडे मिळतात, तिखट-लिंबू लावून, हे नातवाने उत्साहाने सांगितल्यावर तिने पराठ्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरली.

खेळ तिला दोन इनिंगमध्ये कळला. प्रश्न मात्र असे, की उत्तरं कुठल्याही वेबसाइटवर नाहीत. "हा बॉल नुसता सोडला तरी चालतो?" चालतो. "गावसकरला चाललं असतं इथे." बॅटरने हेल्मेटवर टपली मारली आणि पडद्यावर बॉल कुठून गेला ते दिसलं. बॉल बॅटरच्या टप्प्यात होता की नाही, या अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान द्यायची ही सोय यंदापासूनच आली आहे. "डीआरएस," ती म्हणाली आणि पराठा मोडला. कॅचर कॅल रॅलीकडे बराच वेळ बघून म्हणाली, "हा एकटाच सारखा उकिडवा बसतोय. साठ होम रन मारणाऱ्याला कोणी खुर्ची देत नाही?" मी म्हणालो, कॅचरचं कामच ते. "गुडघ्यांचं काय होईल चाळिशीत?" हा विचार मी कधीच केला नव्हता. आता प्रत्येक बॉलला मला त्याचे गुडघे दिसतात. त्याच्या 'बिग डंपर' (मोठ्या बुडाचा) या टोपणनावाचा अर्थ तिने अजून विचारलेला नाही. नातू सांगायला टपलेला आहे आणि मी त्याला आईस्क्रीमवर रोखून धरलंय.

सहाव्या इनिंगला तिने विचारलं, "हे असे 162 सामने?"

"हो."

"आणि तरी एकदाही फायनल नाही?"

"नाही."

"शाळेत इतके पेपर दिले असते तर ढकलपास तरी केलं असतं रे."

पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी तिच्या टोपीकडे बघून तोच लिफ्टमधला प्रश्न केला. मी भाषांतर केलं. आईने मैदानाकडे, मग स्कोअरबोर्डकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "म्हणावं, पोरं बरी दिसतात. पण खातात का नीट?" मी बाईंना सांगितलं, पिचिंग चांगलंय म्हणतात.

घरी येताना गाडीत खरा पेच निघाला. आईला इथे राहायची मुभा ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. वर्ल्ड सिरीज ऑक्टोबरच्या शेवटी. "मग मी नेमकी आधीच जाणार होय?" ती म्हणाली. मुदत वाढवायची तर अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, आणि का राहायचंय त्याचं कारण लिहावं लागतं. परतीचं तिकीट बदलायचे पैसे वेगळे. आजवर मी मत देत होतो ते फुकट होतं. आता त्याला डॉलर लागणार होते.

"तू सांग," आई म्हणाली. "जातील का फायनलला?"

मागच्या सीटवरून टक्केवारी आली. बायको म्हणाली, जुलैपर्यंत थांबू या, मग बघू. मी तिला 2024 ची आठवण करून दिली, तेव्हा जुलैपर्यंत थांबूनच सगळं गेलं होतं. ती म्हणाली, मग आत्ता ठरव. मी म्हणालो, पिचिंग चांगलंय. घर येईपर्यंत कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल चालला होता, सांगलीतल्या शेजारच्या वहिनींशी. तुळशीला पाणी दिवाळीपर्यंत तुम्हीच घाला, असं ती त्यांना परस्पर सांगत होती. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अगं आई, अजून एप्रिल आहे. नाही गेले फायनलला तर काय सांगशील त्यांना?"

"सांगेन की नातवासाठी राहिले," ती म्हणाली. "आज किती वाजता आहे त्यांची?"