‘सकस खाणं परवडत नाही’: हा हिशेब नेमका कुठे चुकतो

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा आशय असा: सकस खाणं हे श्रीमंतांचं काम. तेवढ्याच पैशांत चिप्स-बिस्किटांतून भाजीच्या कितीतरी पट कॅलरी मिळतात. प्रथिनांसाठी मांस नाहीतर पावडर लागते. ताजी भाजी महाग आणि फ्रोझन भाजीत काही उरलेलं नसतं. वर रोज दोन तास स्वयंपाकाला वेळ कुणाकडे आहे?

हे वाचून हातात थोडेच पैसे असलेला माणूस प्रयत्नच सोडून देतो, म्हणून त्या मजकुराला उत्तर द्यायला हवं.

‘तेवढ्याच पैशांत जास्त कॅलरी’

१०० ग्रॅम कोबीत साधारण २५ कॅलरी असतात, १०० ग्रॅम बिस्किटांत साडेचारशेच्या पुढे. कॅलरीमागे किती पैसे पडले एवढंच पाहिलं, तर कोबी हरणारच. पण कोबी कॅलरीसाठी कुणी घेत नाही. ते काम धान्याचं. कोरडे तांदूळ, गहू, ओट्स यांत १०० ग्रॅममागे साधारण ३३० ते ३८० कॅलरी असतात. तुलना करायचीच तर बिस्किटांची या धान्यांशी करा, आणि त्यात सुटं कोरडं धान्य बहुतेक वेळा स्वस्त पडतं. कोबी, गाजर, पालेभाजी घ्यायची ती तंतूंसाठी, जीवनसत्त्वांसाठी आणि पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून. त्यांचा भाव किलोवर बघा, तोही खाण्याजोग्या भागाचा. शेंगांसकट घेतलेल्या मटाराचं निम्म्याहून जास्त वजन सालांत जातं, कोबीचं फार थोडं.

‘प्रथिनं म्हणजे मांस किंवा पावडर’

सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. आता एका दिवसाचं साधं जेवण मांडू: २०० ग्रॅम गव्हाचं पीठ (२४ ग्रॅम प्रथिनं), १०० ग्रॅम तांदूळ (७), ६० ग्रॅम कोरडी मसूर (१४), २५० मिली दूध (८), ३० ग्रॅम शेंगदाणे (७). बेरीज ६०. यात मांस नाही, पावडर नाही, आणि निम्मी प्रथिनं तर धान्यातूनच आली. दूध चालत नसेल तर एक अंडं घ्या, त्यात ६ ग्रॅम मिळतात. प्राणिज काहीच खात नसाल, तर बी१२ जीवनसत्त्वाची सोय मात्र वेगळी करावी लागते. ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही.

‘वनस्पतींची प्रथिनं अपुरी’ हेही सोबत ऐकू येतं. प्रथिनं ज्या घटकांची (अमिनो आम्लांची) बनतात, त्यांतलं लायसिन धान्यात कमी असतं, मेथिओनिन डाळींत कमी. दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते, आणि ती एकाच ताटात असायला हवीत असंही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे.

दुकानात उभ्या उभ्या करायचा हिशेब सोपा आहे. पाकिटावरची १०० ग्रॅममागची प्रथिनं बघा, पाकिटाच्या वजनानुसार एकूण किती ग्रॅम होतात ते काढा आणि किमतीला त्या आकड्याने भागा. एक ग्रॅम प्रथिनाला किती पैसे पडले ते कळतं. स्वस्तापासून महागापर्यंत यादी लावली तर कोरडी कडधान्यं, सोयाबीन आणि शेंगदाणे बहुधा वरच येतात. ‘हाय प्रोटीन’ छापलेले बार सहसा तळाशी सापडतात.

लोहासाठी एक गोष्ट फुकट करता येते: डाळीच्या जेवणात लिंबू, टोमॅटो किंवा कच्ची ढोबळी मिरची घ्या आणि चहा-कॉफी तासभर लांब ठेवा. ‘क’ जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं, चहा त्याला अडवतो.

‘फ्रोझनमध्ये काही उरत नाही’

चूक. मटार काढल्यावर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे पुढची घट मंदावते. ‘ताजा’ पालक फ्रीजमध्ये आठवडाभर पडला तर त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व बरंच जातं. पाकिटावरच्या घटकांत फक्त भाजीचं नाव हवं, सॉसवाली नको. शिजवून डबाबंद केलेली कडधान्यंही चालतात. पाणी काढून धुऊन घ्या, मिठाचा बराचसा भाग निघून जातो.

‘रोज दोन तास कुणाकडे आहेत?’

रोज लागतच नाहीत. अर्धा किलो कोरडी कडधान्यं शिजून सव्वा किलोच्या आसपास होतात, म्हणजे दीडशे ग्रॅमचे आठ वाटे. रात्री तिप्पट पाण्यात भिजत घाला, ८ ते १२ तासांनी ते पाणी टाका, नव्या पाण्यात शिजवा, पसरट भांड्यात निववा. तीन दिवसांचं फ्रीजमध्ये, बाकीचं वाटे करून फ्रीझरमध्ये.

कडधान्य शिजत नाही त्याची कारणं तीनच: माल जुना, पाणी जड (क्षारांचं), किंवा टोमॅटो-चिंच आधीच घातली. आंबट पदार्थ दाणा मऊ होऊ देत नाही, म्हणून तो शिजल्यावरच घाला. दोष मिठाला देतात, पण मिठाने दाणा कडक होत नाही. पाणी जड असेल तर अर्ध्या किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा पुरे. जास्त झाला तर लगदा होतो आणि बी१ जीवनसत्त्वही जातं.

राजमा मात्र मंद आचेवर किंवा स्लो कुकरमध्ये कच्चा लावू नका. त्यातला विषारी लेक्टिन घालवायला निदान दहा मिनिटं खळखळून उकळी लागते. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात.

भाजी कशी वापरता यावरही खर्च ठरतो. किलोतली पाव किलो सडली, की उरलेली एक तृतीयांशाने महाग पडली. आधी पालेभाजी आणि पिकलेले टोमॅटो संपवा, मग फ्लॉवर-शेंगा, शेवटी कोबी, गाजर, भोपळा. गाजराचा पाला घरी आणताच कापा, तो गाजरातला ओलावा ओढतो. कोबी उभा चिरू नका, बाहेरची पानं सोलत वापरा.

यातलं खरं काय

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये सुमारे २८० कोटी लोकांना सकस आहार परवडत नव्हता. त्यांना हिशेब येत नाही असं म्हणणं अन्याय आहे. उत्पन्नच तेवढं नाही, आणि त्याला कुठल्याही पाककृतीचं उत्तर नाही. पण वर सांगितलेलं त्यांच्यासाठीही खोटं ठरत नाही. ज्यांच्याकडे चूलच नाही त्यांनी रात्री दुधात भिजवलेले ओट्स, शेंगदाणे, केळी, धुतलेली डबाबंद कडधान्यं आणि कच्चं गाजर-कोबी यांपासून सुरुवात करावी. यातल्या कशालाही गॅस लागत नाही.